सोसायटीच्या गाडीतले मानकरी

कडूबा तुपे याचं नाव कडू आणि आडनाव तुपे. त्याच्या आधीची चार भावंडं पाळण्यातच गेली म्हणून आईनं याचं नाव कडूबा ठेवलं, की देवाला हा उचलावासाच वाटू नये. देवानं नाही उचलला, आणि पुढं पंचेचाळीस वर्षं माणसांनीही त्याच्याकडं ढुंकून बघितलं नाही. गावात लग्नं झाली, सप्ते झाले, शाळेची खोली बांधून झाली, पण कुठल्या पत्रिकेत की कुठल्या फरशीवर कडूबाचं नाव कधी लागलं नाही. त्याचं त्याला दुःख होतं का म्हणाल, तर होतं. पण दुःख सांगायचं तर ऐकणारं माणूस लागतं, आणि घरात ऐकायला होती मनकर्णाबाई. ती म्हणायची, "भाकर खा आन् गप पडा."

निजामाच्या राजवटीत तो औरंगाबादेत एका शाळेत चपराशी होता. वर्गाबाहेरच्या स्टुलावर बसून तो उर्दू तिसरीपर्यंतचं वाचायला शिकला. मग पोलीस अ‍ॅक्शन झाली, राज्य बदललं, पाट्या बदलल्या, आणि काल शिकलेला कडूबा आज अडाणी झाला. मराठी अक्षरं त्याला पुढं त्याच्या लेकीनं शिकवली. आशा तेव्हा दुसरीत होती आणि बाप पस्तिशीला आलेला. त्यानं उजवीकडून लिहायला सुरुवात केली की ती पाटी पुसून टाकायची आणि म्हणायची, "बाबा, इकडून."

पिंपळदरा हे त्याचं गाव हर्सूलच्या वरल्या अंगाला, डोंगराच्या आत. सरकारी गाडी फाट्यावरून निघून जायची आणि फाटा गावापासून दीड कोस. मग पंचक्रोशीनं एकत्र येऊन प्रवासी वाहतूक सोसायटी काढली, कुणाची तरी जुनी गाडी घेतली आणि तिला हिरवा रंग दिला. गाडी सकाळी आठला पिंपळदऱ्याहून निघायची, म्हसोबाचा उतार उतरून हर्सूलला यायची, तिथून शहागंज, आणि चारला परत. कडूबा तिचा कंडक्टर झाला. खाकी कोट घालून तो पहिल्या दिवशी घरात शिरला तेव्हा मनकर्णाबाईनं लगबगीनं डोक्यावर पदर घेतला. तिला वाटलं तलाठी आला.

ड्रायव्हर होता शहागंजचा नवाब. हात असा साफ की टपावरच्या पाटीतलं अंडं फुटायचं नाही. पण त्याला एक खोड होती, आणि ती त्याच्या बापानं लहानपणी लावलेली. बोलणाऱ्याकडं तोंड न करता उत्तर देणं म्हणजे बेअदबी. कुणी मागून "नवाबभाई" म्हटलं की हा सबंध मागं वळायचा, मान झुकवायचा, "जी, फर्माइए" म्हणायचा, आणि तेवढ्या वेळात गाडी आपल्या मनानं चालायची. आता अशा माणसाशी बोलू नये एवढं कळायला काय शाळेत जावं लागतं का? पण आमच्या पंचक्रोशीत गाडीत बसून ड्रायव्हरशी न बोलणं म्हणजे कुणाच्या दारात जाऊन पाणी न पिता परत येणं. तो बिचारा आपल्यासाठी गाडी चालवतोय आणि आपण मुक्यासारखं बसायचं, हे कुणाला बरं दिसेल? म्हणून चढणारा प्रत्येक जण त्याची ख्यालीखुशाली विचारायचा, आणि नवाब प्रत्येकाकडं वळून ती सांगायचा.

व्हायचं ते चैत्रात झालं. नानासाहेब पाटील पुढं, इंजिनाच्या झाकणावर बसले होते. म्हसोबाच्या उताराला त्यांना ससा दिसला. "नवाब, ससा बघ," ते म्हणाले. नवाबनं अदबीनं त्यांच्याकडं मान वळवली. नानासाहेबांना राग आला, की मी ससा दाखवतोय आणि हा माझं तोंड बघतोय. त्यांनी दोन्ही हातांनी नवाबची हनुवटी धरली आणि सशाकडं फिरवली. ससा झुडपात गेला आणि गाडी कठडा तोडून नाल्यात गेली. नाला कोरडा होता आणि खोल नव्हता, म्हणून माणसं खरचटण्यावर निभावली. मोडला तो एकच पाय, आणि तो मनकर्णाबाईचा. ती त्या दिवशी लेकीकडं निघाली होती.

दहा दिवसांनी नानासाहेब भेटायला आले. बाजेजवळ उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "वैनी, ससा लई मोठा होता." आणि गेले. माफी म्हणून जी काय होती ती एवढीच. मनकर्णाबाईचा पाय बसला, पण वाकडा बसला.

आषाढात हर्सूलहून निरोप आला की आशाला दिवस गेलेत. आशा एकुलती एक, हर्सूलच्या जेलवरच्या एका शिपायाला दिलेली. जावई भला माणूस, पण त्याला ना आई ना बहीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ही रीत, तेव्हा लेकीला आणायला हवं होतं.

"त्या गाडीत माझी पोटुशी लेक बसणार नाय," मनकर्णाबाई म्हणाली.

"मग तू जा तिकडं."

"मीबी बसणार नाय. जोवर त्या नवाबाला माणसं हात लावत्यात तोवर मी पायरी चढणार नाय."

"बैलगाडीचे हिसके तुझ्या पायाला सोसंनात. चालत जायचं तर सहा कोस. मग पोरीचं बाळंतपण करणार कोण?"

"ते तुमी बघा. कंडक्टर तुमी हाय."

झालं. माघात पोर बाळंत होणार, आणि तोवर कडूबाला ती गाडी माणसात आणायची होती. लेक परक्या क्वार्टरात एकटी कण्हतेय असं त्याला तिकीट फाडताना दिसायचं आणि तो दोन तिकिटं एकदम फाडायचा.

सोसायटीची बैठक भरली तेव्हा कडूबा आयुष्यात पहिल्यांदा चार माणसांत उभा राहिला. म्हणाला, गाडी चालू असताना जो ड्रायव्हरला हात लावंल त्याला तिथल्या तिथं उतरवावं, त्याला पुन्हा गाडीत घेऊ नये आणि त्याचं नाव गाडीत सगळ्यांना दिसंल असं लावावं. सोसायटीचे चेअरमन औरंगाबादेत वकिली करायचे आणि गाडीत कधी बसायचे नाहीत, त्यामुळं त्यांना कुणाची भीती नव्हती. त्यांनी ठराव लिहून सही ठोकली. पहिली दोन नावं तिथंच पडली. एक नानासाहेब पाटलांचं, सशाबद्दल. दुसरं फकिराचं, त्याचा कोंबडा नवाबच्या खांद्यावर बसून हर्सूलपर्यंत गेला होता त्याबद्दल.

पाटी रंगवायला दिली रहीम पेंटरला, आणि इथं घोड्यानं पेंड खाल्ली. रहीमचा हात सुरेख, पण त्यानं उभ्या जन्मात रंगवल्या त्या देणगीदारांच्या पाट्या. पंचक्रोशीतलं एकही देऊळ, दर्गा की शाळा नव्हती जिथं रहीमच्या हातची नावं नव्हती. त्याला कागदावर नावं दिसली की हात आपोआप चालायचा. त्यानं वर "॥ श्री ॥" काढलं, दोन बाजूंना दोन हत्ती काढले, त्यांच्या सोंडेत झेंडूच्या माळा दिल्या. खाली ठळक लिहिलं, "प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी". त्याखाली पिवळ्याधमक रंगात "श्रीमान नानासाहेब पाटील, मु. पिंपळदरा". मग "श्रीमान फकिरा". आणि "यांस या गाडीत बसण्यास सक्त मनाई आहे" ही ओळ त्यानं अगदी तळाला, बारीक अक्षरांत, जिथं तो एरवी स्वतःचं नाव टाकायचा तिथं टाकली. पाटी नवाबच्या डोक्यावर, काचेच्या वर ठोकली. काचेवर नवाबच्या अम्मीनं शिवलेली लाल झालर होती. तळाची ओळ झालरीच्या मागं गेली.

पहिल्या सकाळी नानासाहेब गाडीपाशी आले तेव्हा कडूबा दारात आडवा उभा होता. "नानासाहेब, तुमचं नाव पाटीवर हाय," तो कसाबसा म्हणाला. नानासाहेबांनी आत डोकावून पाटी बघितली. मग फेटा सारखा केला. मग कडूबाच्या पाठीवर अशी थाप मारली की तो पायरीवरून खाली आला.

"नाव पहिलं टाकलं. हत्तीबी काढले," ते म्हणाले. "सोसायटीला माणसाची किंमत कळती."

"तसं नाय, खाली एक ओळ हाय झालरीमागं. ती वाचा."

"खालच्या ओळी पाटलानं वाकून वाचायच्या का?" नानासाहेब म्हणाले आणि इंजिनाच्या झाकणावर जाऊन बसले.

कडूबानं नवाबला झालर काढायला सांगितलं. नवाब पुरा वळून म्हणाला, "मामू, अम्मी के हात की हय. जान निकालो, झालर नक्को." आणि अम्मीच्या झालरीला कोण हात लावणार? करायला गेला गणपती आणि झाला मारुती, ही म्हण कडूबाला त्या दिवशी नीट कळली.

पुढची हकीकत ऐका. काकासाहेब म्हणजे नानासाहेबांचे चुलतभाऊ, बांधावरून दोघांचं दहा वर्षं बोलणं नाही. त्यांनी पाटी बघितली आणि त्यांचं अन्नपाणी गोड लागेना. नान्याचं नाव हत्तींच्या मधे आणि आमचं कुठंच नाही? ते कडूबाला म्हणाले, "काय केलं की नाव लागतं?" कडूबा बिचारा सरळ माणूस, खरं ते सांगून बसला, की ड्रायव्हरला हात लावला की लागतं. दुसऱ्या दिवशी काकासाहेबांनी म्हसोबाच्या उताराला नवाबच्या मांडीवरून हात घालून पिपाणी वाजवावी तसा हॉर्न वाजवला, हर्सूलच्या तळ्यापर्यंत सोडला नाही. नेमाप्रमाणं त्यांचं नाव लिहावं लागलं. कडूबा त्यांना म्हणाला, "उतरा." ते म्हणाले, "हर्सूल आलंच, उतरतो की."

मग रांगच लागली. चतुराबाई साठीची, दात पडलेली म्हातारी. ती म्हणाली, "बायांनी काय घोडं मारलंय, समदे बाप्येच का पाटीवर?" आणि चालत्या गाडीत मागून येऊन नवाबचे डोळे झाकले, "वळख कोण." नवाबनं अदबीनं तीन नावं सांगितली, तिन्ही चुकली, तोवर गाडी कुणाच्या तरी ज्वारीत शिरली होती. चतुराबाईचं नाव लागलं. कुणी नवाबला चालत्या गाडीत हळद लावली, कुणी त्याच्या तोंडात पेढा कोंबला. दिवाळीपर्यंत पाटीवर अकरा नावं झाली. रहीमनं तिसरा हत्ती काढला.

आणि कहर म्हणजे, एवढी माणसं मानाची झाल्यावर ती मागं उभी राहतील का? त्यांनी पुढच्या जागा धरल्या. ज्या अकरा जणांना गाडीत पाऊल ठेवायला बंदी, ते अकराच्या अकरा नवाबला खेटून बसायचे, आणि ज्यांनी बिचाऱ्यांनी कधी शब्द काढला नाही ते मागं लोंबकळायचे. कडूबा रोज संध्याकाळी घरी येऊन खाकी कोट खुंटीला लावायचा आणि मनकर्णाबाई विचारायची, "आज किती जणांनी हात लावला?" तो आकडा सांगायचा. ती पाय चोळत बसायची. पौष संपला. आशाला आठवा सरला. जावयाचा निरोप आला की पोर आईची वाट बघून रडते. मनकर्णाबाईनं डिंकाचे लाडू वळून डब्यात भरून ठेवले होते, पण ती काही हलली नाही. भीती म्हणजे काय ते तिच्या पायाला ठाऊक होतं, आणि पायाची समजूत कोण काढणार?

वाट सापडली ती एका लग्नात. लग्न नानासाहेबांच्या घरासमोरच होतं, मांडवापासून त्यांचा ओटा वीस पावलं. मुहूर्त झाला तरी नानासाहेब ओट्यावरच. कारण काय, तर बोलावणं आलं नव्हतं. पत्रिका दिली होती, अक्षता दिल्या होत्या, पण वाजंत्री लावून कुणी न्यायला आलं नव्हतं. पोरीचा बाप धावपळीत विसरला. नानासाहेब नवा फेटा बांधून, जोडे घालून, मांडवाकडं बघत बसले. अक्षता पडल्या. पंगती उठल्या. बुंदीचा वास ओट्यावर येत होता आणि माणूस भुकेनं कासावीस झाला होता, पण उठला नाही. घरच्यांनाही चूल पेटवू दिली नाही. कडूबा पंगतीत वाढत होता. त्याच्या हातातली बुंदीची पाटी तशीच राहिली. जो माणूस ठरावाला भीत नाही, वकिलाच्या सहीला भीत नाही, त्याला बोलावणं नाही तर वीस पावलं चालवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबा गाडीच्या पायरीवर उभा राहिला आणि कधी नव्हे तो मोठ्यानं बोलला. "मंडळी, पाटीवरची माणसं आता मानाची झाली. मानाच्या माणसानं बोलावल्याबिगर गाडीत चढलं तर लोक काय म्हणतील? सोसायटीचं बोलावणं आल्याबिगर अकरा जणांनी चढू नये. तुमची शोभा जाईल."

नानासाहेबांनी मान डोलावली. "बराबर हाय," ते म्हणाले. "आमी काय उघड्यावर पडलोय का? धाडा बोलावणं." आणि ते कडुनिंबाच्या पारावर जाऊन बसले. काकासाहेब बघत होते. नान्या बोलावल्याशिवाय चढत नाही आणि आपण चढलो तर आपली किंमत ती काय राहिली? तेही पारावर गेले, दुसऱ्या टोकाला. पाठोपाठ फकिरा, कोंबड्यासकट. चतुराबाई जागा नव्हती म्हणून पाराच्या पायरीवर बसली. कडूबानं घंटीची दोरी दोनदा ओढली. गाडी निघाली आणि अकरातलं एकही माणूस उठलं नाही.

बोलावणं सोसायटी धाडणार होती. सोसायटीला ते ठाऊक नव्हतं आणि कडूबा तिला सांगणार नव्हता. खोटं तो बोलला नाही म्हणा, पण खरंही काही बोलला नाही, आणि त्याबद्दल त्यानं म्हसोबाला नारळ फोडला. ती अकरा माणसं मात्र रोज आठला नेमानं आंघोळ करून, चांगली कापडं घालून पारावर यायची आणि गाडी गेली की घरी जायची. बाजार करायचा असला की काकासाहेब बैल जुंपायचे. नानासाहेब फाट्यापर्यंत दीड कोस चालत जाऊन सरकारी गाडी धरायचे, कारण तिथं त्यांना कुणी ओळखत नव्हतं.

आठ दिवस कडूबा घरी येऊन सांगत राहिला, "आज कुणीच नाय." नवव्या दिवशी मनकर्णाबाईनं लाडवाचा डबा फडक्यात बांधला आणि म्हणाली, "चला."

तिला त्यानं तिसऱ्या बाकावर, खिडकीशी बसवलं. गाडीत तीस माणसं होती आणि चकार शब्द नव्हता. अकरांचं बघून बाकीच्यांनी शहाणपण घेतलं होतं, आपणही पाटीवर चढून पारावर बसायला नको म्हणून. नवाब समोर बघून गाडी चालवत होता. कुणी बोलत नाही म्हणून त्यालाच चुकल्यासारखं वाटत होतं. सगळं कसं ठरावात लिहिल्यासारखं चाललं होतं. कडूबाचा ऊर भरून आला. नाही म्हटलं तरी हे त्यानं केलं होतं, कडूबा तुप्यानं.

आणि म्हसोबाचा उतार आला. कठडा अजून तुटलेलाच होता. मनकर्णाबाईनं बाहेर बघितलं, तिला तो नाला दिसला, आणि तिचा वाकडा पाय आपोआप उठला. कुणाला काही कळायच्या आत ती पुढं गेली, डोळे मिटले, आणि नवाबच्या मानेला मागून दोन्ही हातांनी मिठी मारली.

"नवाबा, थांबव रं बाबा."

नवाब तिच्याकडं वळला. "जी, मामी," म्हणाला. पण या खेपेला त्यानं आधी ब्रेक दाबला होता. गाडी तुटक्या कठड्यापासून दोन हातांवर थांबली. कुणाला काही झालं नाही. एक लाडू तेवढा डब्यातून निघून घरंगळत मागं गेला.

तीस माणसांनी कडूबाकडं बघितलं. ड्रायव्हरला हात लावंल त्याला तिथल्या तिथं उतरवावं. हे कुणी मागितलं होतं? यानंच.

पुढं हर्सूल पाऊण कोस. लंगड्या बाईला रानात उतरवायचं, ते आपल्याच बायकोला, ते लेकीच्या बाळंतपणाला निघालेलीला. आणि नाही उतरवलं, तर उद्या पारावरचे अकरा जण कोणत्या तोंडानं अडवायचे? तो घंटीची दोरी धरून नुसता उभा राहिला.

मनकर्णाबाईनंच डोळे पुसले. "नेम हाय ना तुमचा?" ती म्हणाली. "मग उतरते की. माझ्यापायी मोडू नका. लई दिसांनी एक जमलंय तुमाला." आणि डबा घेऊन पायरी उतरली.

कडूबा तिच्यामागं उतरला. ठरावात बायकोला उतरवायचं लिहिलं होतं, तिला एकटीला चालवायचं लिहिलं नव्हतं. त्यानं डबा आपल्या हातात घेतला आणि नवाबला सांगितलं, "तू जा."

नवाब खिडकीतून वळला. "मामू, कंडक्टर के बगैर गाडी नय चला सकते. वो भी नेम हय."

आता आली का पंचाईत? गाडी कंडक्टरशिवाय पुढं जाईना आणि कंडक्टर बायकोशिवाय. शेवटी असं ठरलं की कडूबा रस्त्यानं चालेल आणि गाडी त्याच्या मागं चालेल, म्हणजे कंडक्टर गाडीबरोबर आहे असंही होईल आणि बाई गाडीत नाही असंही होईल. नवाबनं पहिला गिअर टाकला. पुढं लंगडत मनकर्णाबाई, तिच्या अंगाला हात न लावता पण लागलाच तर असावा म्हणून हात पुढं धरलेला कडूबा, आणि मागं गुरगुरत हिरवी गाडी, तीस माणसांसकट. ती दमली की थांबायची. ती थांबली की गाडी थांबायची. एका बाईनं खिडकीतून तिला पाणी दिलं. कुणी तरी आतून तो घरंगळलेला लाडू पुसून परत केला.

हर्सूलच्या तळ्यापाशी जेलच्या मळ्यात कैदी मेथी खुरपत होते. त्यांनी ही वरात बघितली आणि खुरपी खाली ठेवून उभे राहिले. त्यांच्यावर पहाऱ्याला होता तो कडूबाचा जावई. सासू-सासरे पायी येत आहेत आणि मागं अख्खी गाडी आहे, म्हटल्यावर त्याला काय करावं सुचेना. त्यानं सलाम ठोकला. साहेबानं ठोकला म्हणून मागं कैद्यांनीही ठोकला. क्वार्टराच्या दारात आशा पोटाला हात लावून उभी होती. तिनं आईला बघितलं, आईचा पाय बघितला, मग गाडी बघितली आणि रडता रडता हसायला लागली.

"बाबा, गाडीत बसवून आणता आलं नाय का?"

"बसवलं होतं की," कडूबा म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आशाला मुलगी झाली. आई उशाशी होती.

इकडं कडूबा रहीमकडं गेला. रहीम ब्रश धुता धुता थांबला. "मामू, मामीचं नाव? राहू द्या की. कोण बघतंय?"

"लिव्ह," कडूबा म्हणाला. रहीमनं मान खाली घालून बारावं नाव काढलं. "सौभाग्यवती मनकर्णाबाई कडूबा तुपे, मु. पिंपळदरा". रंग ओला होता तोवर कडूबा पाटीखाली उभा राहिला. पंचेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव कुठंतरी लागलं होतं, बायकोच्या नावाच्या मधोमध, आणि गुन्हा म्हणून. तरी त्यानं ते तीनदा वाचलं.

सव्वा महिना झाला. मनकर्णाबाई गाठोडं घेऊन हर्सूलच्या थांब्यावर उभी राहिली. गाडी आली, थांबली, कडूबानं दार उघडलं. ती काही चढेना.

"चल की," तो म्हणाला.

"माझं नाव पाटीवर हाय म्हणं. बोलावणं कुठंय?"

गाडीतली माणसं सरसावून बसली. नवाबनं इंजिन बंद केलं. कडूबानं खाकी कोटाच्या आतल्या खिशातून एक कागद काढला. तो त्यानं आदल्या दोन दुपारी शहागंजला गाडीच्या सावलीत बसून लिहिला होता. चार ओळी, अक्षरं वाकडी, आणि पहिली ओळ उजवीकडून सुरू करून खोडलेली. त्यानं कागद पुढं केला.

"मला काय वाचता येतंय?" ती म्हणाली. "वाचून दावा."

आता हे अवघड होतं. सत्तावीस वर्षांच्या संसारात कडूबानं बायकोला नावानं हाक मारली नव्हती. "अगं", "ऐकलं का", आणि लेक झाल्यावर "आशाची माय". आमच्याकडं पुरुष चारचौघांत बायकोचं नाव घेत नसतो, ते फक्त लग्नात उखाण्यात, तेही ढकलाढकली केल्यावर. त्यानं घसा खाकरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"सौभाग्यवती मनकर्णाबाई," त्यानं वाचलं, आणि थांबला. पुढचं अक्षर दिसेना. मग डोळे पुसून पुन्हा वाचलं. "सौभाग्यवती मनकर्णाबाई यांस कडूबाचा नमस्कार. तुमच्याबिगर घर लई मोठं झालंय. तरी आपण सोसायटीच्या गाडीतून अगत्य येण्याचं करावं. ड्रायव्हरला हात लावू नये."

मनकर्णाबाईनं कागद घेतला, चार घड्या केल्या, कमरेच्या पिशवीत ठेवला आणि पायरी चढली.

पिंपळदऱ्याला गाडी थांबली तेव्हा पारावर अकरा जण होते. हल्ली ते संध्याकाळीही बसायचे, बोलावणं परतीच्या गाडीनं येईल म्हणून. मनकर्णाबाई लंगडत उतरली. नानासाहेब उभे राहिले. फेटा सरळ होता, पण आवाज चढला.

"कडूबा, हिचं नाव बारावं आन् हिला बोलावणं आलं? माझं पयलं हाय. माझं कधी यायचं?"

मनकर्णाबाई पारापाशी थांबली. गाठोडं खाली ठेवलं आणि पाय जरा चोळला, रोज चोळायची तसा. नानासाहेबांची नजर त्या पायाकडं गेली. आली तेव्हापासून त्यांनी तिकडं बघायचं टाळलं होतं. चैत्रापासूनच टाळलं होतं म्हणा.

त्यांनी फेटा काढून हातात घेतला.

"वैनी," ते म्हणाले, "ससा तसा ल्हानच होता."

"दिसला होता मला," मनकर्णाबाई म्हणाली. तिनं गाठोडं उचलून कडूबाच्या हातात दिलं आणि घराकडं चालू लागली.